बाईंचा नेम

सासूबाईंनी तूप सोडलं तेव्हा मी मनात म्हटलं, चला, एक भांडं कमी घासायचं. मी काही सोशिक सून नव्हते आणि त्याही गरीब सासू नव्हत्या. जळगावात दाणाबाजारालगत आमचं कापडाचं दुकान, वर राहायच्या तीन खोल्या, आणि त्या खोल्यांत आम्ही दोघी पंधरा-सोळा वर्षं रोज कशावरून तरी वाजवून घेत होतो. पण मी लग्न होऊन आले तेव्हा मला आई नव्हती आणि स्वतःची वेणीही धड घालता येत नव्हती. या घरातली माझी पहिली वेणी त्यांनी घातली. नंतर कितीही भांडलो, तरी शेजारच्या खोलीत त्या खोकल्या की मला बरं वाटायचं. सगळं घर त्यांना बाई म्हणायचं, मीही तेच म्हणायची.

सहलीचं खूळ काढलं माझ्या भावानं. हीरालाल धुळ्याला आग्रा रोडवर एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला होता. दिवसभर दुसऱ्यांचे ट्रक लांब लांब जाताना बघायचे आणि आपण खुर्चीत बसायचं, म्हणून तो फावल्या वेळात लोकांच्या सहली आखायचा. एकोणसत्तर सालच्या आषाढात तो आमच्याकडे आला तो नकाशा घेऊनच. माझी विमल तेव्हा सातवीत, इतिहासात हुशार आणि बाकी सगळ्यात यथातथा. मामानं तिला जवळ बसवलं आणि नकाशावर बोट फिरवलं. जळगावहून बऱ्हाणपूर, तिथला शाही किल्ला. मग खांडव्याला छोट्या रुळांच्या गाडीत बसून महू, तिथून मोटारीनं मांडू. परत छोट्या गाडीनं चितोड. पुढे अजमेर, जयपूर, शेवटी आग्रा, आणि आग्र्याहून मोठ्या गाडीनं घरी. आम्ही ओसवाल जैन, त्यातही स्थानकवासी, म्हणजे देवळात न जाणारे. त्यामुळे तीर्थयात्रेच्या नावानं हिंडणं आमच्याकडे नव्हतं. हिंडायचं तर किल्लेच बघायचे.

"गोल फिरून परत यायचं सवलतीचं तिकीट मिळतं," हीरालाल म्हणाला. "मुक्कामाला गावोगावी आपल्या धर्मशाळा आहेत. दिवाळीच्या सुट्टीत स्वस्तात होऊन जाईल."

"मग खर्च येतो कुठं?" आमच्या ह्यांनी विचारलं. नवऱ्याचं नाव आमच्यात घेत नाहीत, पण कागदावर कोण अडवतंय, पुखराज.

"जेवणात. तुम्ही तिघं मिळेल ते खाल. पण बाई आल्या की स्टो आला, भांडी आली, उकळून गार केलेलं पाणी आलं. त्यांचं सगळं दिवस मावळायच्या आत व्हायला पाहिजे. पेट्या वाढल्या की हमाल वाढला. शिवाय गड चढायला डोली."

"बाई तेवढे दिवस पहूरला राहतील," हे म्हणाले. पहूरला माझी नणंद पानबाई दिलेली.

बाई कोपऱ्यात बसून गहू निवडत होत्या. चितोडचं नाव निघालं तेव्हा त्यांचा हात थांबलेला मी पाहिला होता. पहूरचं ऐकल्यावर तो पुन्हा चालू झाला. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही ही जुनी रीत त्या अजून पाळायच्या. पहूरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायच्या आणि पाण्याचा तांब्या घरून न्यायच्या. तरी त्या काही बोलल्या नाहीत. न बोलणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हता, त्यामुळे मी समजले की त्यांना पटलं असावं.

मग चातुर्मास लागला. चातुर्मासात आमच्यात सगळेच काही ना काही सोडतात. मी दरवर्षी वांगी सोडते, कारण मला ती आवडत नाहीत. बाईंनी तूप सोडलं. मग गूळ-साखर सोडली. मग दही, तळलेलं, हिरवी भाजी. त्या वर्षी जळगावात महासतीजींचा, म्हणजे आमच्या साध्वींचा, मुक्काम होता. रोज सकाळी स्थानकात, म्हणजे साध्वी उतरतात त्या जागी, बाई त्यांच्यासमोर हात जोडून उभ्या राहायच्या आणि नवा नेम घ्यायच्या. मी मागेच उभी असायची, पण त्या इतक्या हळू बोलायच्या की मला ऐकू येत नसे. महासतीजींचा हात तेवढा वर झालेला दिसायचा.

भाजी सुटली त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. दोन वर्षांपूर्वी फैजपूरला बाईंची मावसबहीण, लाडकुंवरबाई, अशीच एकेक वस्तू सोडत गेली होती. आधी तूप, मग गूळ, मग भाजी, मग दूध. शेवटी तिनं संथारा घेतला, म्हणजे अन्नपाणी सोडून शांतपणे मरणाची वाट बघितली. दर्शनाला धुळ्या-मालेगावपासून माणसं आली होती. बँड लावून मिरवणूक निघाली आणि तिच्या सुनेला सगळे म्हणाले, केवढी तुझी पुण्याई. ती सून माझ्याच वयाची होती. गर्दीत तिनं माझा दंड धरला होता आणि तो सोडतच नव्हती.

त्या दिवसापासून मी बाईंवर डोळा ठेवायला लागले, आणि जे दिसलं त्यानं माझी झोप उडाली. त्या एकाच वेळी जेवायला लागल्या, तेही कोरडे खाखरे आणि वरून पाणी. गादी गुंडाळून ठेवली आणि फरशीवर झोपायला लागल्या. ट्रंक उघडून सगळी लुगडी वाटून टाकली. दोन ठेवली. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बेबाबाई पारोळ्याकडची. तिलाही एक लुगडं मिळालं होतं. ते छातीशी धरून ती माझ्याकडे आली.

"वहिनी, डोकरी दुपारले जिना चढस, उतरस, परत चढस," ती म्हणाली. "भिंतले हात लाईसन. मी इचारं, तं म्हने कोनले सांगू नको. हाई काय शे?"

मी जाऊन पाहिलं. दुपारी दुकान बंद असताना बाई खरंच खालपासून गच्चीपर्यंत जात होत्या, प्रत्येक मजल्यावर थांबत होत्या, भिंतीवर हात ठेवत होत्या आणि परत खाली येत होत्या. मला वाटलं, त्या घराचा निरोप घेताहेत. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि तोंडात पदर घालून रडले.

कुणी म्हणेल, विचारायचं होतं ना सरळ. तेच तर करता येत नव्हतं. कुणी धर्माचं काही करत असेल आणि तुम्ही त्यात आडवे आलात, तर तुम्हाला अंतराय लागतो, म्हणजे दुसऱ्याच्या वाटेत आडवं आल्याचं पाप. लहानपणापासून हे आमच्या डोक्यात इतकं भरलेलं, की उपास करणाऱ्याला आम्ही 'आज तब्येत बरी दिसत नाही' एवढंही म्हणत नाही. आणि संथारा हा शब्द उच्चारायचा तरी कसा? मी उच्चारला आणि त्या 'हो' म्हणाल्या तर? म्हणून मी गप्प राहिले. हेही गप्प राहिले. ज्या घरात रोज भांड्याला भांडं लागायचं तिथे सगळे हळू बोलायला लागले, आणि त्या शांततेची मला जास्त भीती वाटायची.

पर्युषणाच्या शेवटी सगळे सगळ्यांची क्षमा मागतात. बाई माझ्यासमोर बसल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "बीनणी, वर्षभरात तुझं मन दुखवलं असेल तर खमतखामणा." हे त्या दरवर्षी म्हणायच्या, तेही घाईघाईत, जणू उधारी फेडल्यासारखं. त्या वर्षी मात्र त्यांनी माझा हात धरला. त्यांचं मनगट इतकं बारीक झालं होतं की बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

"आणि यापुढंही मला सांभाळून घे," त्या म्हणाल्या.

मी नुसती मान हलवली.

त्याच आठवड्यात ह्यांनी सहल रद्द केली. तोपर्यंत गल्लीतल्या बायका बाईंच्या पाया पडायला यायला लागल्या होत्या. "अशा वेळी घर सोडून कुठं जायचं," हे मला म्हणाले आणि त्यांनी बाईंसमोरच नकाशा घडी करून कपाटात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा अभिमानही होता. मला त्या अभिमानाचा इतका राग आला की मी त्यांना दोन दिवस चहा दिला नाही. बाईंनी संध्याकाळी विमलला विचारलं, "तुझा मामा तिकिटं काढायला कधी येणार?" विमल म्हणाली, "आता जायचंच नाहीये." दुसऱ्या दिवशी बाईंनी दूध सोडलं.

तिकिटं काढू नको हे सांगायला मी एसटीनं धुळ्याला गेले. निमित्त तिकिटांचं होतं. मला खरं म्हणजे कुणीतरी 'घाबरू नको' म्हणायला हवं होतं. हीरालालनं मला ऑफिसातल्या बाकावर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. बाहेर ट्रक जात होते आणि खिडकीची तावदानं हलत होती.

"दूधसुद्धा?" त्यानं विचारलं.

"दूधसुद्धा."

तो टेबलावरची धूळ बोटानं पुसायला लागला. "अडवू नकोस तू," शेवटी म्हणाला. "भाग्याशिवाय असं होत नाही कुणाच्या घरात."

मला वाटलं, याच्या कानाखाली वाजवावी. पण धाकटा असला तरी आता त्याला दोन मुलं होती. मी उठले आणि परतीची गाडी धरली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि प्रत्येक थांब्यावर मला वाटत होतं, एव्हाना घरात माणसं जमली असतील. मी जिना चढायला लागले. वरून बाईंच्या खोकण्याचा आवाज आला तेव्हा मी पायरीवरच बसले.

आश्विनात एका दुपारी बाई जिन्यात कोसळल्या. बेबाबाईनं आरडाओरडा केला, हे धावत आले, आम्ही तिघांनी त्यांना उचलून वर आणलं. उचलताना कळलं की त्यांच्यात काही वजनच राहिलेलं नाही. डॉक्टर आले, नाडी धरून बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "नुसतं अशक्तपण आहे, पण फार पुढं गेलंय. आज रात्रीच्या आत पोटात दूध जायला पाहिजे. सकाळपर्यंत थांबलात तर मी काही सांगू शकत नाही."

हे भिंतीला टेकून उभे राहिले आणि नवकार मंत्र म्हणायला लागले. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. मी आत गेले, दार लावलं आणि बाईंच्या उशाशी बसले.

"बाई, लागू दे मला अंतराय," मी म्हटलं. "लागायचं ते पाप लागू दे. पण मी तुम्हाला संथारा घेऊ देणार नाही. मला भीती वाटते. तुमच्याशिवाय या घरात मला भीती वाटते."

बाईंनी डोळे उघडले. "संथारा?" त्या म्हणाल्या. "कुणी घेतला?"

"तुम्हीच घेताय ना."

"मी कशाला घेऊ? मला चितोड बघायचंय." त्यांनी पलंगाखाली हात केला. मी वाकून पाहिलं. तिथे एक कापडी पिशवी होती. तिच्यात ती दोन लुगडी, एक पेला आणि डब्यात खाखरे.

"सामान एवढंच," बाई म्हणाल्या. मधून मधून त्या दम घेत होत्या. "दिवसातून एकदा खाते, तेही कोरडं. स्टो नको, भांडी नकोत. जमिनीवर झोप लागते आता, म्हणजे धर्मशाळेत गादी भाड्यानं घ्यायला नको. जिना चढायची सवय केली. डोली नको. लग्न करून आणलं तेव्हा पहाटे गाडीतून तो डोंगरावरचा किल्ला दिसला होता मला. सासरे म्हणाले, पुढच्या खेपेला दाखवू. पुढची खेप आलीच नाही." त्या थांबल्या. "एवढं सगळं कमी केलं, तरी पुखराजनं नकाशा कपाटात ठेवला. मला वाटलं, अजून जड होतेय तुम्हाला. म्हणून दूध सोडलं. मला पहूरला ठेवू नका गं."

मी त्यांचा हात माझ्या तोंडावर दाबून धरला. मग उठून दूध तापवायला निघाले, तर त्या म्हणाल्या, "दूध चालणार नाही. नेम आहे."

"कधीपर्यंतचा?"

"चितोडच्या वाटेच्या गाडीत बसेपर्यंतचा. सगळेच नेम तेवढ्यापर्यंतचे आहेत."

दाराबाहेर उभे असलेले हे दार ढकलून म्हणाले, "महासतीजींना विचारून सोडवून आणतो."

"मोडायचा असता तर घेतला कशाला असता?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी ओठ मिटून घेतले. मी त्यांना ओळखत होते. ते ओठ आता कुणाच्या बापालाही उघडता येणार नव्हते.

खिडकीतून ऊन जमिनीवर लांबलचक पडलं होतं. दिवस मावळल्यावर बाई पाण्याचा थेंबही घेत नसत, आणि डॉक्टर म्हणाले होते रात्रीच्या आत. संध्याकाळी खांडव्याकडे जाणारी पॅसेंजर होती. बऱ्हाणपूर, खांडवा, पुढे चितोड, वाट तीच. "टांगा आणा," मी ह्यांना म्हटलं. "सांगते तसं करा, मला विचारू नका." मी दुधात तूप-साखर घातली, फिरकीच्या तांब्यात ओतलं, बाईंची पिशवी खांद्याला अडकवली. विमलला बेबाबाईपाशी ठेवलं.

टांगेवाला अभिमन आमच्या ओळखीचा. बाईंना बघून तो चरकला. "दवाखानामा लई जाऊ?" त्यानं विचारलं.

"स्टेशनवर," मी म्हटलं. "आणि दिवस मावळायच्या आत पोचव."

त्यानं चाबूक उचलला. बाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यांचे पाय गार पडले होते आणि मी ते पदरानं चोळत होते. टांगा वळला की ऊन तोंडावर यायचं, आणि ऊन आलं की मला धीर यायचा. गल्लीत शिरलो आणि सावली पडली की माझा जीव कासावीस व्हायचा.

स्टेशनात सुरतेची गाडी उभी होती. पॅसेंजरचा पत्ता नव्हता. हमाल म्हणाला, पाचोऱ्याहूनच अजून निघाली नाही. ह्यांनी बाईंना हातांवर उचललं होतं. ते सुरतेच्या गाडीच्या डब्याकडे वळले. "बाई, हिच्यात बस घडीभर. गाडी ती गाडी."

"ही कुठं जाते?" बाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

ह्यांना आईशी खोटं बोलता येत नाही. "सुरतेला," ते म्हणाले.

"मग मला कशाला बसवतोस?"

आम्ही बाकावर बसलो. सूर्य रुळांच्या टोकाशी, सिग्नलच्या मागे, खाली खाली उतरत होता. मी आयुष्यात कधी सूर्याकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं. तो लिंबाच्या झाडांवर आला तेव्हा बाईंचा श्वास इतका हळू झाला होता की मी नाकाशी बोट धरून बघत होते. मला तेव्हा फैजपूरची ती सून आठवली. मी एका हातानं तांब्या धरला होता आणि दुसऱ्या हातानं ह्यांचा दंड. तो मला सोडवत नव्हता.

गाडी आली ती त्या सूर्यातूनच आली. आधी नुसता धूर, मग काळं इंजिन. डोळ्यांसमोर पिवळे ठिपके नाचत होते. डबा पुरता थांबायच्या आत हे चढले. लोकांनी जागा दिली. बाईंना खिडकीशी टेकवून बसवलं आणि मी फिरकी फिरवायला लागले. ती घट्ट बसली होती, उघडेना. समोरच्या बाकावरच्या एका बाईनं ती उघडून दिली.

"ही कुठं जाते?" बाईंनी विचारलं.

"बऱ्हाणपूर. पुढं खांडवा, पुढं चितोड."

"दिवस आहे का?"

माझी पाठ खिडकीकडे होती. मी खोटं बोलायला तयार होते आणि त्याचं पापही घ्यायला तयार होते. पण मी वळून पाहिलं. झाडांच्या शेंड्यांवर लाल कड अजून शिल्लक होती. "आहे," मी म्हटलं. बाईंनी नवकार म्हटला आणि पेला तोंडाला लावला. पहिला घोट ओठांवरून हनुवटीवर आला. दुसरा आत गेला. मग त्या थांबत थांबत पीत राहिल्या. पेला रिकामा झाला तेव्हा कड गेली होती.

गार्डची शिट्टी झाली. "चला, नेम पुरा झाला," हे म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदा जीव आला होता. "आता उतरू या. बाईंची तब्येत सुधारली की पुढच्या सुट्टीत बघू."

बाईंनी एका हातानं खिडकीचा गज धरला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. बाहेर बघत त्यांनी विचारलं, "आता उतरवणार का मला?"

मला भीती वाटत होती. रात्र होती, म्हातारं शरीर होतं, वाटेत काही झालं तर काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही उतरा. विमलला घेऊन सकाळच्या गाडीनं बऱ्हाणपूरला या, आम्ही धर्मशाळेत असू. तिकिटाचं मी टीसीशी बघते." मग मी चपला काढल्या आणि बाकाखाली आत सरकवून ठेवल्या.